यंत्राला जामीन कोण?

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, काही कागद पाठवलेत तुला. नीट वाच. बारीक अक्षर वाचायची तुला सवय आहे." चौतीस वर्षे मी बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. मधल्या काळात कादंबऱ्याही लिहिल्या. पण कादंबरीबद्दल काही विचारायला घरातून कधी कुणाचा फोन आल्याचे आठवत नाही. कुठला करार, कुठली पॉलिसी, कुठले खरेदीखत आले की मात्र मी लागतो.

या वेळचे कागद एका शस्त्रक्रियेचे होते. मुंबईतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी भावाला ती सुचवली होती. डोक्याच्या मागच्या बाजूला कातडीखाली बारीक तारा बसवायच्या, त्या मानेतून आतल्या आत खाली आणायच्या, छातीच्या वरच्या भागात कातडीखालीच ठेवलेल्या एका छोट्या बॅटरीला जोडायच्या आणि डोक्याच्या नसांना सतत सौम्य विजेचे ठोके देत राहायचे. हेतू एकच, तीस वर्षांहून अधिक काळ छळणारी डोकेदुखी आटोक्यात आणणे. खर्चाचा आकडा असा की, त्याच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा घास त्यात जावा.

कागद वाचण्याआधी त्याचे दुखणे सांगितले पाहिजे. कारण 'डोकेदुखी' या शब्दाने त्याची काहीच कल्पना येत नाही.

घड्याळ लावून येणारे दुखणे

भाऊ हायस्कुलात गणिताचा शिक्षक होता. १९९२ सालच्या ऑक्टोबरात, तेव्हा तो २९ वर्षांचा होता, एका रात्री दोन वाजता तो ओरडत उठला. उजव्या डोळ्यामागे कुणीतरी कंपासचे टोक खुपसून फिरवते आहे, असे त्याने सांगितले. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी खाली आलेली. अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. याला एका जागी बसवेना. दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत येरझाऱ्या घालत होता, मध्येच भिंतीवर डोके आपटत होता. दीड तासाने सारे एकदम थांबले. दुसऱ्या रात्री पुन्हा दोन वाजता. तिसऱ्या रात्री पुन्हा. सात-आठ आठवडे असे चालले आणि जसे आले तसे निघून गेले. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात परत हजर.

मग आपल्याकडे जे होते ते सगळे झाले. दोन दाढा काढल्या. नाकातली पोकळी धुऊन घेतली. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. आईने सुंठ उगाळून लेप लावले. "रात्री दोनलाच कसं दुखतं? हे बाहेरचंच असणार," असे सांगणारेही भेटले, आणि एक काळा दोरा वर्षभर त्याच्या दंडावर होता. अकरा वर्षांनी, २००३ साली, पुण्यातल्या एका डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारला, "किती वाजता दुखतं?" उत्तर ऐकून त्यांनी कागदावर नाव लिहून दिले, क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे झुबका. झुबक्याने हल्ले येतात, म्हणून हे नाव.

हे दुखणे साधारण हजारात एकाला होते, स्त्रियांपेक्षा पुरुषांना जास्त. एक हल्ला पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो आणि दिवसात आठ-आठ हल्लेही येऊ शकतात. घड्याळाशी त्याचे नाते असण्याचे कारणही आता बरेच उलगडले आहे. झोप-जागेपणाचे वेळापत्रक सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग मेंदूच्या तळाशी असतो. हल्ल्याच्या वेळी तो जागा होतो, हे लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ साली मेंदूच्या चित्रणातून दाखवले. इंग्रजीत या आजाराला 'आत्महत्येची डोकेदुखी' असे क्रूर टोपणनाव आहे. ते मला वाचूनच कळले. माझ्या भावजयीला ते आधीच कळले असावे. कारण एका वर्षी गच्चीच्या दाराला तिने कुलूप लावले आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. त्याबद्दल आम्ही कुणी कधी बोललो नाही.

नाव कळल्यावर मात्र उपाय सापडले. व्हेरापामिल नावाची, एरवी रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी हल्ल्यांची संख्या कमी करते. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन हल्ला मोडते. आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे प्राणवायू. मास्क लावून मिनिटाला बारा लिटरच्या वेगाने पंधरा मिनिटे शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ऑक्सिजनने ७८ टक्के हल्ले पंधरा मिनिटांत शमले, साध्या हवेने २० टक्के. भावाच्या खाटेशेजारी सिलिंडर आला आणि त्याला माणसांत आल्यासारखे झाले.

पण २०१६ पासून त्याच्या आजाराला ऋतू राहिला नाही. हल्ले बारा महिने येऊ लागले. गोळ्या वाढल्या, लिथियमही देऊन झाले, डोक्यामागच्या नसेत इंजेक्शने झाली. त्यांनी काही आठवडे बरे वाटायचे, मग पहिले पाढे पंचावन्न. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची टंचाई झाली. भावाने आपला भरलेला सिलिंडर शेजारच्या घरी उचलून दिला आणि पुढचे पाच आठवडे त्याने प्रत्येक रात्र कोरडी काढली. "त्यांचा श्वास अडकला होता दादा, माझं फक्त दुखत होतं," असे तो म्हणाला. तो 'फक्त' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

विजेचा मासा ते छातीतली बॅटरी

डोकेदुखीवर वीज हा उपाय ऐकायला नवा वाटतो, पण तो फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य होऊन गेला. जुनाट डोकेदुखीवर जिवंत विद्युत्-मासा दुखऱ्या जागी धरावा आणि तो भाग बधिर होईपर्यंत ठेवावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यामागचे शास्त्र कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी असे मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एका फाटकातून जातो, आणि स्पर्शाचे निरोप मोठ्या संख्येने आले तर ते फाटक वेदनेसाठी लोटले जाते. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो, ते याचसाठी. ही कल्पना धरून नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यविशारदाने १९६७ साली कर्करोगाच्या एका रुग्णाच्या कण्यापाशी विजेची तार बसवली. शरीरात बसवून वेदना दाबण्याच्या यंत्रांची सुरुवात ती.

डोकेदुखीच्या बाबतीत १९९९ साली वायनर आणि रीड या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी डोक्यामागच्या नसेच्या दुखण्यावर कातडीखाली तारा घालून गुण येतो, असे दाखवले. आता कुणी विचारेल, दुखते डोळ्यामागे आणि तार डोक्याच्या मागे, हे कसे? माझाही हाच प्रश्न होता. चेहऱ्याच्या संवेदना आणणारी नस आणि डोक्याच्या मागच्या भागाची नस या दोन्ही मानेच्या वरच्या टोकाशी एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. दोन शाखांचे हिशेब एकाच मुख्य कचेरीत जावेत, तसे. म्हणून एका शाखेत केलेली नोंद दुसरीच्या खात्यावर परिणाम करते.

याआधी एक धाडसी वाट चोखाळून झाली होती. मिलानमधल्या डॉक्टरांनी २००० साली थेट हायपोथॅलॅमसपर्यंत तार नेली. काही रुग्णांना आश्चर्यकारक आराम पडला. पण बेल्जियममधल्या अशाच प्रयत्नांत एका रुग्णाचा मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. ज्या आजाराने माणूस सहसा मरत नाही, त्याच्या उपचाराने मरावे का, हा प्रश्न उभा राहिला आणि डॉक्टरांचे लक्ष कवटीबाहेरच्या नसेकडे वळले. लंडन आणि लिएज येथील दोन गटांनी २००७ साली क्लस्टरच्या आठ-आठ रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. दोन्हीकडे बहुतेकांना फरक पडला होता.

ताळेबंद

आता आकड्यांकडे वळतो. माझ्या भावासारख्या, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर आजवर झालेली सर्वांत मोठी चाचणी नेदरलंड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली. १३१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले. एका गटाला पूर्ण ताकदीचा प्रवाह, दुसऱ्याला ३० टक्के. आठवड्याला सोळाच्या आसपास असलेले हल्ले सहा महिन्यांच्या सुमारास सातवर आले. मी फोनवर 'सरासरी' म्हणालो, तर गणिताच्या मास्तरांनी तिथेच दुरुस्ती केली, "सरासरी नव्हे दादा, मध्यक. काहींना खूप फरक पडलाय, काहींना अजिबात नाही."

हे झाले जमेच्या बाजूचे. नावेची बाजू अशी की, दोन्ही गटांत फरक सारखाच पडला. कमी प्रवाहाने तेवढाच गुण आला. मग हा गुण विजेचा किती आणि मनाच्या आशेचा किती? हे नक्की सांगणे अवघड आहे. कारण यंत्र चालू असले की डोक्यामागे मुंग्या येतात आणि खोटे यंत्र बसवून रुग्णाला फसवता येत नाही. अर्धशिशीच्या रुग्णांबाबत तर निकाल आणखी क्षीण आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १५७ जणांच्या अमेरिकन चाचणीत ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नव्हते. शिवाय तार सरकणे, तुटणे, जंतुसंसर्ग होणे, बॅटरी संपली की पुन्हा टेबलावर जाणे, हे खर्च आहेतच. 'आधी तात्पुरती तार घालून बघू,' असेही इथे फारसे चालत नाही. क्लस्टरमध्ये फरक दिसायला आठवडे, कधी महिने लागतात.

वाचकांपैकी ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांनी हे वाचून शस्त्रक्रियेचा विचार मनात आणू नये. कपाळावर लावायचा विजेचा पट्टा, मानेवर धरायचे छोटे यंत्र अशी बाहेरून वापरायची साधनेही आता आहेत. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०१४ आणि २०१७ साली मान्यता मिळाली. आणि बहुतेकांचे काम तर योग्य निदान आणि योग्य गोळी यांवरच भागते. शरीरात यंत्र हा शेवटचा दरवाजा आहे. माझा भाऊ त्या दरवाज्यापाशी पोहोचला होता, एवढेच.

कंपनी गेली, यंत्र राहिले

कर्जाच्या प्रस्तावात सगळे कागद पाहून झाले की आम्ही शेवटी एक प्रश्न विचारायचो, जामीन कोण? या यंत्राबाबत तोच प्रश्न मनात घेऊन मी वाचू लागलो आणि एका हकिकतीपाशी थांबलो.

कॅलिफोर्नियात ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी होती. खास क्लस्टरसाठी तिने बदामाएवढे यंत्र बनवले होते. वरच्या दाढांच्या हिरडीवर छेद घेऊन ते गालाच्या आत बसवायचे. त्याची तार नाकाच्या मागच्या पोकळीलगत असलेल्या नसांच्या एका गुच्छापर्यंत जायची. आत बॅटरी नाही. हल्ला आला की रुग्णाने हातातला रिमोट गालावर धरायचा, त्यातूनच यंत्राला ऊर्जा मिळायची. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत पूर्ण प्रवाह दिलेल्या हल्ल्यांपैकी ६७ टक्के हल्ल्यांत आराम पडला, खोट्या प्रवाहाने अवघ्या ७ टक्के हल्ल्यांत. म्हणजे यंत्र उपयोगी होते. सातशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले.

२०१९ साली ती कंपनी बंद पडली. यंत्र नादुरुस्त झाले म्हणून नव्हे, पैसा संपला म्हणून. 'नेचर' या साप्ताहिकाने डिसेंबर २०२२ मध्ये या लोकांची कहाणी सविस्तर छापली. यंत्राची जुळणी ज्या सॉफ्टवेअरने करायची ते कंपनीचे, आणि ते आता कुणाच्या हाती नाही. रिमोटची बॅटरी एक दिवस संपणार, नवी मिळणार नाही. ज्यांच्या रात्री पहिल्यांदाच शांत गेल्या होत्या, ती माणसे हातातल्या रिमोटकडे धास्तावून बघत होती. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्या यंत्राचे हक्क घेऊन ते पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न सुरू केला. पण मधल्या काळात त्या गालांमधल्या यंत्रांना वाली नव्हता.

ही एकच गोष्ट असती तर अपवाद म्हणून सोडून दिली असती. पण त्याच २०१९ साली कण्यापाशी बसवायची यंत्रे बनवणाऱ्या न्यूव्हेक्ट्रा या अमेरिकन कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची यंत्रे हजारो लोकांच्या अंगात होती.

ठेवीला विमा आहे

नोकरीच्या सुरुवातीला एका गावात मी एका सहकारी बँकेचे शटर बंद झालेले पाहिले होते. आमची शाखा समोरच होती. सकाळपासून माणसे येत, शटरवर चिकटवलेला कागद वाचत आणि हातात पासबुक धरून तिथेच पायरीवर बसून राहत. पासबुकातली रक्कम खरी होती. शिक्का खरा होता. समोरचा पक्ष तेवढा नाहीसा झाला होता.

तरीही त्या लोकांसाठी देशाने काहीतरी करून ठेवले होते. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवींना विमा आला. सुरुवातीला मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ साली ती एक लाख झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. पुरेसा आहे का, हा वाद वेगळा. पण बँक बुडू शकते हे आपण मान्य केले आणि आधीच तरतूद केली.

माणसाच्या अंगात वीस-पंचवीस वर्षे राहायच्या यंत्राबाबत अशी तरतूद का असू नये? कंपनी बंद झाली तर सॉफ्टवेअर आणि नकाशे कुणाकडे तरी सुपूर्द करण्याची सक्ती, सुट्या भागांचा साठा, नवी बॅटरी बसवण्यासाठी विक्रीच्या रकमेतून बाजूला काढलेला निधी, तारांच्या जोडण्या सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत बसतील अशा एकसारख्या करणे. हृदयाच्या पेसमेकरच्या तारांबाबत अशा सामाईक जोडण्या झालेल्या आहेत. म्हणजे अशक्य काहीच नाही. मागणारे थोडे आहेत आणि ते रात्री दोनला जागे असतात, दिवसा थकलेले असतात.

मी डॉक्टरांना चार प्रश्न लिहून पाठवले. या प्रकारची शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या? तार सरकली तर पुन्हा बसवण्याचा खर्च कुणाचा? पुढे एम.आर.आय. काढता येईल का? आणि कंपनी राहिली नाही तर? डॉक्टर सज्जन. त्यांनी स्वतः फोन करून पहिल्या तिन्हींची सरळ उत्तरे दिली. चौथा प्रश्न त्यांनी कंपनीच्या विक्रेत्याकडे पाठवला. आठवड्याने उत्तर आले. त्यात बॅटरीच्या वॉरंटीचा तक्ता होता.

तो तक्ता घेऊन मी साताऱ्याला गेलो. भावाला, भावजयीला आणि पुण्याहून आलेल्या पुतण्याला समोर बसवून सगळे सांगितले. माझे मत मी लपवले नाही. प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी मंजूर केला नसता. पुतण्या म्हणाला, "काका, कंपनी मोठी आहे, इतक्यात नाही बुडणार." मी म्हटले, "पायरीवर बसलेल्यांनाही असंच वाटत होतं." भावजय काही बोलली नाही, चहाचे कप गोळा करून आत गेली.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुझं सगळं बरोबर आहे. पण तू वीस वर्षांचा हिशेब मांडतोयस. मी बासष्टीचा आहे. मला पाच वर्षं जरी रात्री झोप लागली ना, तरी मी तो व्यवहार फायद्याचा धरीन. यंत्र बंद पडलं तर काय होईल? आज आहे तेच होईल." पुढे जरा थांबून म्हणाला, "आणि हिला गच्चीचं दार उघडं ठेवता येईल."

म्हणजे त्याला ठाऊक होते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तो शिकवणी घेतो ती मुले मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. ती परीक्षा झाली की त्याची शस्त्रक्रिया आहे. मी एक अट घातली आणि ती त्याने मान्य केली. यंत्राचा क्रमांक, बनावट, तारांचा प्रकार, प्रवाहाची मांडणी, प्रत्येक भेटीला बदललेले आकडे, हे सगळे डॉक्टरांकडून लेखी घ्यायचे आणि त्याच्या दोन प्रती ठेवायच्या. उद्या कुणी नसले तरी नव्या डॉक्टरला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.

एक प्रत त्याच्याकडे राहील. दुसरीसाठी मी फाइल करून ठेवली आहे. वर त्याचे नाव घातले आहे, आतली पाने अजून कोरी आहेत. माझ्या कपाटात, ठेवीच्या पावत्यांच्या शेजारी, ती ठेवली आहे.